विश्लेषण : महाकाय कापडी पतंग वळवणे इतके अवघड का? जहाजवाहतूक आणि वीजनिर्मितीशी त्याचा संबंध काय?

चीनच्या इनर मंगोलिया प्रदेशात नोव्हेंबर २०२५ मध्ये ५ हजार चौरस मीटर आकाराचा कापडी पतंग हवेत उघडण्याची आणि पुन्हा मिटवण्याची चाचणी झाली. फुटबॉलच्या मैदानाचा सुमारे ७० टक्के भाग झाकेल एवढे हे कापड. त्याआधी युरोपात जहाजांच्या नाळेवरून ५०० चौरस मीटरचे पतंग उडवण्याचे प्रयोग झाले. मॉरिशस, अरुबा आणि आयर्लंडमध्ये पतंगांपासून वीज तयार करून पाहण्यात आली. इंधनाची बचत आणि कार्बन उत्सर्जनात कपात हे या साऱ्यामागचे उद्दिष्ट. मात्र जवळपास दोन दशकांच्या प्रयत्नांनंतरही हे तंत्रज्ञान प्रयोगांच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. वारा फुकट आहे, कापड स्वस्त आहे, मग अडते कुठे? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी दोन गोष्टींत आहे : एवढा मोठा मऊ पतंग योग्य तऱ्हेने ‘जुळवणे’ आणि तो हव्या त्या क्षणी ‘वळवणे’.

हे पतंग नेमके काय करतात?

त्यांचे उपयोग मुख्यत्वे दोन. पहिला, जहाज ओढणे. जहाजाच्या नाळेवरून दोराने बांधलेला पतंग शे-दोनशे मीटर किंवा त्याहून उंच सोडला जातो. तो जहाजाला पुढे खेचतो, त्यामुळे इंजिनावरचा भार कमी होतो आणि इंधन वाचते. दुसरा, वीजनिर्मिती. यात दोर जमिनीवरील ड्रमवर गुंडाळलेला असतो. पतंग जोराने ओढत दोर उलगडत नेतो, ड्रम फिरतो आणि त्याला जोडलेले जनित्र वीज तयार करते. दोर संपत आला की पतंगाची ओढ कमी केली जाते आणि थोडी वीज खर्च करून तो परत खेचला जातो. उलगडताना मिळालेली वीज आणि गुंडाळताना लागलेली वीज यांतला फरक हीच कमाई.

उंचीचा फायदा मोठा आहे. सपाट प्रदेशात वाऱ्याचा वेग उंचीनुसार कसा वाढतो, याचे एक ढोबळ सूत्र अभियंते वापरतात. त्यानुसार १० मीटरवरील वाऱ्यापेक्षा ३०० मीटरवरील वारा सुमारे दीडपटीहून अधिक वेगवान असतो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तिथे चौपटीहून अधिक ऊर्जा असते. तेवढ्या उंचीपर्यंत पोलादी मनोरा उभारणे फार खर्चिक. पतंगाला मात्र फक्त दोर लागतो.

पतंग एका जागी स्थिर का ठेवत नाहीत?

संक्रांतीला गच्चीवरून पतंग उडवणाऱ्यांनाही हा अनुभव असतो. शांत तरंगणारा पतंग हाताला हलका लागतो, पण तोच झपकन आडवा गेला की मांजा बोटांत रुततो. कारण पतंगाला जाणवणारा वारा हा केवळ वाहता वारा नसतो, त्यात पतंगाच्या स्वतःच्या वेगाची भर पडते. आणि ओढ ही या एकत्रित वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

साधा हिशेब करू. सेकंदाला ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात १०० चौरस मीटरचा पतंग स्थिर असेल तर त्याची ओढ साधारण ३०० किलो वजनाएवढी भरते. तोच पतंग वाऱ्याला आडवा, सेकंदाला सुमारे ३० मीटर वेगाने धावू लागला तर ओढ चार टनांच्या पुढे जाते. पतंग तोच, वारा तोच. ओढ मात्र १४ पट. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील अभियंते माइल्स लॉइड यांनी १९८० मध्ये हे गणित शोधनिबंधातून मांडले आणि आजचे जवळपास सर्व ऊर्जा-पतंग त्याच पायावर उभे आहेत.

मात्र आडवे धावायचे तर आकाशाचा एक कोपरा गाठल्यावर वळून परत यावेच लागते. म्हणून हे पतंग आकाशात आडवा पडलेला इंग्रजी आठाचा आकडा काढत राहतात. नुसते गोल गोल फिरवले तर दोराला पीळ बसत जातो. आठाच्या आकड्यात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळणे होत असल्याने हा पीळ आपोआप सुटतो. म्हणजेच दर मिनिटाला अनेकदा आणि दिवसभरात हजारो वेळा पतंगाला वळावे लागते. त्यातले एक वळण चुकले तरी पतंग खाली येऊ शकतो.

सुकाणू नसताना पतंग वळतो कसा?

विमानाला सुकाणू आणि पंखांवर हलणाऱ्या झडपा असतात. मऊ पतंगाला यातले काहीच नसते. अमेरिकेतील डोमिना जॅलबर्ट यांनी १९६० च्या दशकात पुढून हवा भरून फुगणारा, कप्प्याकप्प्यांचा कापडी पंख बनवला. आजचे पॅराशूट, पॅराग्लायडर आणि जहाज ओढणारे अनेक पतंग त्याच कुळातले. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये पेटंटसाठी मांडलेली रचना वेगळी. तिच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते. आजच्या काइटसर्फिंगचा पाया ही रचना आहे.

दोन्ही प्रकारांत वळण्याचे तत्त्व एकच : पंखाचा आकारच बदलायचा. डावीकडे वळायचे असेल तर डाव्या बाजूचे मागचे दोर आत ओढले जातात. त्या बाजूची मागची कड खाली वाकते, तिथला हवेचा अवरोध वाढतो, पंखाला पीळ बसतो. पतंग कमानीसारखा असल्याने त्याची टोके जवळपास उभी असतात. या उभ्या टोकांवर पडणारा आडवा जोर पतंगाचे नाक वळवतो. थोडक्यात, पतंगाला वळवण्यासाठी त्याला थोडा मुरगाळावे लागते.

पूर्वी त्यासाठी जमिनीवरून तीन-चार वेगवेगळे दोर सोडले जात. पण शेकडो मीटर लांबीचे इतके दोर स्वतःच वाऱ्याला मोठा अडथळा करतात. शिवाय ते ताणले जात असल्याने खालून दिलेली ओढ वर उशिरा आणि कमी पोहोचते. म्हणून जर्मनीच्या ‘स्कायसेल्स’ने आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातून निघालेल्या ‘काइटपॉवर’ने पतंगाच्या खालीच एक नियंत्रण पेटी टांगली. तिच्यातील मोटर पतंगाच्या जवळूनच दोर ओढतात. जमिनीपर्यंत एकच जाड दोर येतो.

आकार वाढला की वळणे अवघड का होते?

स्कायसेल्सचे अभियंते मायकल एरहार्ट आणि हान्स श्ट्राउख यांनी २०१३ मध्ये मोठ्या पतंगांच्या वळणाचा एक सोपा नियम प्रसिद्ध केला. पतंगाच्या वळण्याचा वेग हा त्याला जाणवणारा वारा आणि सुकाणूची ओढ यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. त्यात गुरुत्वाकर्षणाचा एक छोटा वाटा असतो. या नियमाचे दोन परिणाम महत्त्वाचे.

पहिला, वळणाची त्रिज्या वाऱ्याच्या वेगावर फारशी अवलंबून नसते. जोराच्या वाऱ्यात पतंग वेगाने धावतो आणि तितक्याच वेगाने वळतो, म्हणून वळणाचा घेर साधारण तोच राहतो. हा घेर ठरतो पतंगाच्या आकारावरून. दुप्पट रुंदीच्या, त्याच घडणीच्या पतंगाला साधारण दुप्पट घेर लागतो. तेवढी मोकळी जागा आकाशात हवी, म्हणजे दोर अधिक लांब आणि उंची अधिक. जहाजाच्या नाळेवरून पतंग सोडताना समुद्रापासून उंची कमी असते, नेमकी तेव्हाच ही जागा अपुरी पडते.

दुसरा परिणाम अधिक धोक्याचा. पतंगाला पुरेसा वारा जाणवत नसेल तर सुकाणू कितीही ओढले तरी तो वळत नाही. पतंग अगदी डोक्यावर, वाऱ्याच्या कडेला पोहोचला किंवा वारा अचानक पडला की वेग घटतो. मग नियंत्रण जाते आणि पतंग वाऱ्यासोबत वाहवत जातो. लहान पतंग चार पावले मागे धावून किंवा दोर खेचून सावरता येतो. शेकडो चौरस मीटरच्या पतंगाबाबत ते काम विंचलाच करावे लागते आणि तेही काही सेकंदांत.

शिवाय लांबी-रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, पण आत कोंडलेल्या हवेचे आकारमान आठपट होते. ही हवाही पतंगासोबत वळवावी लागते. वळताना बाहेरचे टोक वेगाने फिरते आणि आतले टोक जवळपास थांबते. आतल्या टोकाला पुरेसा वारा मिळाला नाही तर तिथली हवा निघून जाते, टोक दुमडते, दोरांत अडकते. पॅराग्लायडिंग करणारे या स्थितीला फार घाबरतात. महाकाय पतंगात ती आली तर सोडवायला वर कोणी नसते.

वळण वरच्या दिशेने घ्यायचे की खालच्या, हाही निर्णय महत्त्वाचा. कडेला पोहोचल्यावर वर वळले तर जमिनीपासून अंतर राहते, पण वेग कमी होतो आणि ओढ घटते. खाली वळले तर वेग आणि ओढ टिकते, मात्र चूक सुधारायला उंची उरत नाही. वाऱ्याचा जोर, दोराची लांबी आणि पतंगाचा घेर यांचा मेळ पाहून ही निवड करावी लागते.

पतंग ‘जुळवणे’ म्हणजे काय?

आपल्याकडे पतंगाला कन्नी बांधताना वरची गाठ किती अंतरावर आणि खालची किती, यावर घरोघरी वाद होतात. वरचा दोरा आखूड झाला की पतंग वाऱ्यात आडवा होतो, ओढ धरत नाही. लांब झाला की जड होतो आणि मागे कोसळतो. महाकाय पतंगातही प्रश्न तोच, फक्त दोन दोऱ्यांऐवजी तिथे शेकडो दोर असतात. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत त्यांच्या ओळी असतात. प्रत्येक ओळीची लांबी पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन ठरवते.

हा कोन जास्त झाला तर पतंग संथ होतो, वाऱ्याचा प्रवाह पंखावरून सुटतो आणि पतंग पाठीमागे पडू लागतो. कोन फार कमी झाला तर पतंग पुढे झेपावतो, वाऱ्याची कड ओलांडतो आणि पुढची कड आत दुमडते. सुरक्षित पट्टा या दोहोंच्या मध्ये असतो आणि तो फार रुंद नसतो. वीजनिर्मितीच्या पतंगाला तर एकाच चक्रात या पट्ट्याची दोन्ही टोके गाठावी लागतात. दोर उलगडताना जास्त कोन, म्हणजे जास्त ओढ. परत गुंडाळताना कमीत कमी कोन, म्हणजे कमी ओढ. कोन कमी करूनही न दुमडणारा पतंग बनवता आला तरच हिशेब फायद्याचा राहतो.

नवशिक्यांचा एक सर्वसाधारण समज असतो की वारा मंद असेल तर मागचे दोर अधिक खेचावेत, म्हणजे पतंग जास्त हवा धरेल. प्रत्यक्षात उलटे होते. पतंग संथ होतो, जाणवणारा वारा कमी होतो, ओढ घटते आणि वळणही मंदावते. मंद वाऱ्यात पतंगाला धावू देणे हाच उपाय.

डाव्या-उजव्या बाजूंचा समतोल हा आणखी एक मुद्दा. दोन्ही बाजूंच्या दोरांत काही सेंटीमीटरचाही फरक पडला तरी पतंग सतत एका बाजूला ओढ खातो. स्वयंचलित यंत्रणा त्याला सतत विरुद्ध बाजूला खेचत राहते. त्यामुळे एका बाजूचे वळण घट्ट आणि दुसऱ्या बाजूचे सैल होते. सुकाणूच्या ओढीतला काही भाग समतोल राखण्यातच खर्च झाल्याने आणीबाणीच्या क्षणी तो अपुरा पडतो.

दोर ताणला गेल्याने काय बिघडते?

या पतंगांचे दोर डायनीमासारख्या अतिबळकट पॉलिएथिलीन तंतूंचे असतात. वजनाच्या तुलनेत ते पोलादाहून कितीतरी मजबूत. पण या तंतूंचा एक स्वभाव आहे. सतत भार राहिला तर ते हळूहळू लांबतात आणि भार नसेल, ओले-कोरडे होत राहिले तर किंचित आखडतात. पतंगात पुढच्या ओळींवर सर्वाधिक भार असतो, मागच्यांवर कमी. त्यामुळे वापरागणिक पुढचे दोर लांबतात आणि मागचे तुलनेने आखूड होतात. काही तासांच्या वापरानंतर, कोणी हात न लावताही, पतंगाचा कोन वाढलेला असतो. तो संथ, जड आणि वळायला आळशी होतो. शेवटी मागे कोसळू लागतो.

काइटसर्फिंगवाले नवा पतंग काही दिवस वापरल्यावर सारे दोर एकाच खुंटीला अडकवून, सारख्या ताणाखाली मोजतात आणि गाठी सरकवून फरक काढून टाकतात. १० चौरस मीटरच्या पतंगासाठी हे अर्ध्या तासाचे काम आहे. ५०० चौरस मीटरच्या, शेकडो दोरांच्या पतंगासाठी, डोलणाऱ्या जहाजाच्या नाळेवर हेच काम करायचे म्हटले तर चित्र पूर्ण बदलते. म्हणून आधीच ताण देऊन ठेवलेले दोर वापरणे, मोटरने कोन बदलता येईल अशी सोय ठेवणे आणि ठरावीक तासांनी संपूर्ण पतंगच बदलणे, असे मार्ग कंपन्या अवलंबतात. कापडालाही ऊन आणि खारी हवा मानवत नाही. पवनचक्की साधारण वीस वर्षे चालेल अशा हिशेबाने बांधली जाते. पतंगाचे कापड आणि दोर तेवढ्या काळात अनेकदा बदलावे लागणार, हे गृहीत धरूनच विजेचा दर काढावा लागतो.

हे काम संगणकावर सोपवता येत नाही का?

सोपवलेलेच आहे. पतंगाची जागा, दिशा, वेग आणि दोरावरील ताण मोजून संगणक सेकंदाला अनेकदा सुकाणू हलवतो. स्थिर वाऱ्यात, पुरेशा उंचीवर हे उत्तम चालते. खरी परीक्षा असते उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी. तेव्हा पतंग जमिनीजवळच्या मंद, घोंघावणाऱ्या वाऱ्यात असतो, दोर आखूड असतो आणि वळायला जागा नसते. वर वारा चांगला आहे, पण खाली पुरेसा नाही म्हणून पतंग सोडताच येत नाही, अशीही वेळ येते. उलट वादळ जवळ आले तर तो वेळेत उतरवलाच पाहिजे. पवनचक्कीला ब्रेक लावून थांबवता येते. पतंगाला थांबवणे म्हणजे उतरवणे.

आतापर्यंतचे प्रयोग का रखडले?

हॅम्बर्गची स्कायसेल्स कंपनी २००१ मध्ये श्टेफान व्रागे यांनी स्थापन केली. जानेवारी २००८ मध्ये ‘बेलुगा स्कायसेल्स’ हे मालवाहू जहाज १६० चौरस मीटरचा पतंग घेऊन जर्मनीहून व्हेनेझुएलाकडे निघाले. अनुकूल वाऱ्यात २० टक्क्यांपर्यंत इंधन वाचेल, असा कंपनीचा दावा होता. तेव्हा तेल महाग होत चालले होते. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले, पण जागतिक मंदीने वर्षअखेरीस ते ४० डॉलरच्याही खाली आले. बचतीचा हिशेब कोसळला. २०११ मध्ये बेलुगा कंपनीच दिवाळखोरीत गेली. स्कायसेल्सने नंतर वीजनिर्मितीकडे मोर्चा वळवला आणि २०२१ च्या अखेरीस मॉरिशसमध्ये तिचा पतंग वीज देऊ लागला.

एअरबसमधून निघालेल्या ‘एअरसीज’ या फ्रेंच कंपनीने विमानांचे भाग वाहणाऱ्या ‘व्हिल द बोर्दो’ जहाजावर ५०० चौरस मीटरच्या पतंगाची यंत्रणा बसवली. पुढे ती आर्थिक अडचणीत आली आणि २०२४ मध्ये जपानच्या ‘के लाइन’ने हा व्यवसाय ताब्यात घेतला. गुगलने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या ‘मकानी’चा मार्ग वेगळा होता. मऊ कापडाऐवजी २६ मीटर रुंदीचा ताठ पंख आणि त्यावर आठ पंखे. ऑगस्ट २०१९ मध्ये नॉर्वेच्या समुद्रात त्याची चाचणी झाली, त्यात पंख समुद्रात कोसळला. फेब्रुवारी २०२० मध्ये अल्फाबेट कंपनीने प्रकल्प बंद केला.

या अपयशांची कारणे वेगवेगळी दिसली तरी एक धागा समान आहे. सतत, माणसाच्या देखरेखीशिवाय, हजारो तास उडत राहण्याची खात्री कोणी देऊ शकले नाही. ती खात्री नसेल तर विमा महाग, कर्ज महाग आणि गिऱ्हाईक साशंक. दरम्यान जहाजांवर फिरते दंडगोल आणि ताठ शिडे बसवणाऱ्यांनी पतंगवाल्यांना मागे टाकले. त्यांची ओढ प्रति चौरस मीटर कमी असेल, पण ती सोडावी किंवा उतरवावी लागत नाहीत.

चीनने वेगळा मार्ग का निवडला?

चीनमधील प्रयोग लक्षवेधी ठरतात ते याच पार्श्वभूमीवर. आन्हुई प्रांतातील जिशी येथे २.४ मेगावॉटचा जो प्रकल्प उभारण्यात आला, त्यात आठाचा आकडा काढणारा पतंग नाही. दोरावर ओवलेल्या मोठ्या छत्र्या आहेत. त्या उघडल्या की वारा त्यांना वर खेचतो. मिटल्या की खाली येतात. इनर मंगोलियातील चाचणीतही उघडणे आणि मिटवणे यावरच भर होता. म्हणजे वळवण्याचा प्रश्न सोडवण्याऐवजी तो टाळायचा.

याची किंमत आहे. लॉइड यांच्या गणितानुसार नुसत्या वाऱ्यासोबत ढकलल्या जाणाऱ्या कापडापेक्षा आडवा धावणारा चांगला पतंग, तेवढ्याच क्षेत्रफळातून, कागदावर दहा ते वीस पट शक्ती देऊ शकतो. छत्र्या म्हणूनच अवाढव्य लागतात. युरोप कमी कापडातून जास्त काम काढू पाहतो आणि नियंत्रणात अडखळतो. चीन जास्त कापड लावून नियंत्रण सोपे करतो. कोणता सौदा स्वस्त पडेल, हे सलग वर्षभर मिळालेल्या विजेच्या आकड्यांवरूनच ठरेल. क्षेत्रफळाच्या विक्रमांवरून नव्हे.

धोरणांचा कल कोणाच्या बाजूने?

जगाच्या हरितगृह वायू उत्सर्जनात जहाजवाहतुकीचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठरवले. पण त्यासाठी दंड आणि प्रोत्साहन ठरवणारा आराखडा ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनमधील बैठकीत ५७ विरुद्ध ४९ मतांनी एक वर्षासाठी पुढे ढकलण्यात आला. अमेरिकेचा त्याला तीव्र विरोध होता. युरोपीय संघाचा सागरी इंधन नियम मात्र १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे आणि वाऱ्याचा वापर करणाऱ्या जहाजांना त्यात पाच टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते.

पतंग-कंपन्यांसाठी हा फरक निर्णायक आहे. २००८ चा अनुभव सांगतो की, केवळ तेलाच्या दरावर अवलंबून असलेला पतंग दर पडताच जमिनीवर येतो. कार्बनला जगभर निश्चित किंमत असेल तरच जहाजमालक नाळेवरची जागा, प्रशिक्षण आणि देखभालीचा खर्च मान्य करतील.

मर्यादाही स्पष्ट असायला हव्यात. समोरून वारा असेल तर पतंग जहाजाला ओढू शकत नाही. मागून वारा असेल तर जहाजाचा स्वतःचा वेग त्यातून वजा होतो. १२ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ६ मीटर वेगाने जाणाऱ्या जहाजावर मागून येणारा सेकंदाला १० मीटरचा वारा जेमतेम ४ मीटरचा जाणवतो. त्यामुळे पतंग संथ जहाजांना, बारमाही वाऱ्याच्या मार्गांवर अधिक फायद्याचा. विजेच्या बाबतीतही सध्याचे मऊ पतंग साधारण १०० किलोवॉटच्या घरातले आहेत, तर मोठ्या पवनचक्क्या कित्येक मेगावॉटच्या. डिझेल जनित्रांवर चालणारी बेटे, दुर्गम वस्त्या, लष्करी तळ अशा ठिकाणी, जिथे पात्यांचे अजस्र सुटे भाग नेताच येत नाहीत, तिथे पतंगाला वाव आहे.

भारताच्या दृष्टीने महत्त्व काय?

जगाला सर्वाधिक खलाशी आणि अधिकारी पुरवणाऱ्या देशांत भारत आहे. कोकणातील अनेक घरांची चूल जहाजावरच्या नोकरीवर चालते. उद्या जहाजांवर पतंग आले तर ते सोडण्याचे, उतरवण्याचे, दोर तपासण्याचे काम याच लोकांच्या वाट्याला येईल. काही टन ताणाखालचा दोर तुटून उसळला तर जवळ उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. बंदरात जहाज बांधण्याच्या दोरांमुळे असे अपघात आजही होतात. म्हणून यंत्रणा किती इंधन वाचवते याइतकाच, नाळेवर माणूस नसताना ती चालते का, हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे.

कायद्याचा मुद्दाही आहे. १९३४ च्या विमान कायद्यात ‘एअरक्राफ्ट’च्या व्याख्येत पतंगांचाही स्पष्ट उल्लेख होता. दर संक्रांतीला तो गमतीने आठवला जाई. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. घरगुती पतंगाला वैमानिकाचा परवाना कोणी मागत नाही. पण कित्येकशे मीटर उंच उडणारा, हेलिकॉप्टरला सहज न दिसणारा दोर ही गंमत नव्हे. अशा यंत्रणांना हवाई क्षेत्र कसे राखून द्यायचे, दोरावर खुणा आणि दिवे कसे लावायचे, दोर तुटला तर पतंग कुठे पडेल, याचे नियम परदेशांतही प्रकल्पागणिक ठरत आहेत. भारतात किनाऱ्यावर किंवा बेटांवर असा प्रयोग करायचा झाला तर पहिला अडथळा तांत्रिक नव्हे, या परवानग्यांचा असेल.

पुढे काय?

येत्या काळात आणखी मोठ्या कापडाच्या बातम्या येतील. त्या वाचताना क्षेत्रफळापेक्षा चार आकडे पाहावेत. पतंग न उतरवता सलग किती तास उडाला? किती वेळा तो माणसाच्या मदतीशिवाय चढला-उतरला? दोर आणि कापड किती तासांनी बदलावे लागले? आणि गुंडाळताना खर्च झालेली वीज वजा जाता वर्षभरात हाती किती उरले? जहाजाबाबत हाच प्रश्न टनभर वाचलेल्या इंधनात विचारावा. या प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे तपासून प्रसिद्ध करणारी कंपनी या शर्यतीत पुढे आहे, असे मानता येईल. पतंग उडवणे फार पूर्वीच साध्य झाले. कोणी पाहत नसताना, रात्रीच्या पावसात, दहा हजारावे वळणही पहिल्यासारखेच घेणे, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.